एल्डरबीला मी मेलो तो शनिवार

प्रिय क्रेग,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू घाबरला असशील, म्हणून आधी तेच सांगतो. घरी सगळं ठीक आहे. आई बरी आहे. माझे गुडघे होते तसेच आहेत, म्हणजे वाईट. मागच्या वाफ्यातल्या घेवड्याला यंदा इतक्या शेंगा लागल्यात की आई शेजाऱ्यांच्या दारात न विचारता पिशव्या ठेवून येते, आणि शेजारी त्या गुपचूप पुढच्या घरी सरकवतात. मी आयुष्यात पत्रं लिहिली ती तीन. दोन लग्नाआधी तुझ्या आईला आणि एक तिच्या वडिलांना, माफीचं. पण फोनवर तू ‘हो’, ‘नाही’ आणि ‘जेवलो’च्या पुढे जात नाहीस, मी पाऊसपाण्याच्या पुढे जात नाही, आणि मग मी घाईघाईने ‘थांब, आईला देतो’ म्हणतो. कागदावर तसं म्हणता येत नाही, म्हणून कागद घेतलाय.

त्या शनिवारला आज सात आठवडे झाले. रोज सकाळी दाढी करताना मी तो दिवस स्वतःला पहिल्यापासून सांगून पाहतो, आणि रोज तो वेगळाच निघतो. कधी वाटतं चूक माझी, कधी वाटतं चूक कुणाचीच नाही, कधी तर वाटतं, चांगलंच झालं. मग स्वतःचीच लाज वाटते. तेव्हा जसं आठवेल तसं लिहितो. पुढचं मागे झालं तर सांभाळून घे.

खरं सांगायचं तर तू आमच्याबरोबर एल्डरबीला यावंस असं मला वाटत नव्हतं. तो हट्ट आईचा. नोव्हेंबरात तू सैन्यातून परत आलास, आणि आठ महिने त्या मागच्या खोलीत होतास. पहिल्याच आठवड्यात आईने एकदा ‘तिकडे कसं होतं रे?’ विचारलं, तर तू ताट तसंच ठेवून उठलास. तेव्हापासून आम्ही दोघांनी न बोलता ठरवलं होतं की विचारायचं नाही. पण त्या सकाळी ती म्हणालीच, “जा रे बाबांबरोबर. भिंतीला टेकून टेकून भिंतीला पोक आलंय.” आणि तू हसून ‘बरं’ म्हणालास. मी बूट घालत होतो. तू ‘बरं’ म्हणालास आणि माझी नाडी चुकीच्या भोकात गेली.

कारण सांगतो. एल्डरबीच्या स्टेशनावर आमचं हौशी मंडळ दर जुलैत जुन्या महायुद्धाचा देखावा उभा करतं, आणि त्यात मी बावीस वर्षं सार्जंट होतो. बाह्यांवरच्या तीन फिती तुझ्या आईने मशीनवर शिवलेल्या. खऱ्या सैन्याने मला अठराव्या वर्षी तळपाय बघून घरी पाठवलं. “हे पाय कवायतीचे नाहीत, बदकाचे आहेत,” तो डॉक्टर म्हणाला. मग मी चाळीस वर्षं लोकांच्या घरात गुडघे टेकून गालिचे बसवले. माझे वडील खऱ्या युद्धात होते, पण त्यांनी तिथे स्वयंपाक केला, आणि कुणी काही विचारलं तर ते फक्त कांद्यांबद्दल बोलायचे. किती पोती सोलली, कोणता कांदा जास्त झोंबायचा. मला मात्र लहानपणापासून वाटायचं, यांनी काहीतरी लपवलंय. ते मोठं, शूर असं काहीतरी मला हवं होतं. मिळालं नाही, म्हणून मी वर्षातून दोन दिवस ते अंगावर चढवायचो. लोक टाळ्या वाजवायचे. मरण्यात तर माझा हात धरणारा कुणी नव्हता. नॉर्मन, आमचा कर्ण्यावर बोलणारा, दरवर्षी सांगायचा, “डेरेक, तुझ्यासारखं पडणं या परगण्यात कुणाला जमत नाही.” आणि मला बरं वाटायचं. आता तूच सांग, हे सगळं तुझ्यासमोर करायला कुठल्या तोंडाने जायचं?

आणि अजून एक आहे. जिन्यात तुझा तो फोटो लागलाय, तू सहा वर्षांचा, डोक्यावर माझं हेल्मेट, आत वर्तमानपत्र कोंबून बसवलेलं. तो मी काढलाय. तू सैन्यात नाव घातलंस तेव्हा मी गल्लीभर सांगत फिरलो. आईने त्या दिवशी फक्त तो फोटो पुसला आणि परत लावला. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

असो. रक्ताकडे येतो. बूट घालून झाल्यावर मी ओट्यावर पातेल्यात खोटं रक्त करत होतो. साखरेचा पाक, लाल रंग, थोडं कोकोचं पीठ. यंदा माझा मृत्यू मांडीवर गोळी लागून होता. पिशवी पँटच्या आत बांधायची, पडताना हाताने फोडायची. तू शेजारी येऊन उभा राहिलास, चमचा घेतलास, दोनदा ढवळलंस आणि म्हणालास, “याहून काळं असतं.” आठ महिन्यांत तिकडच्याबद्दल तू बोललास ते एवढंच. चार नाही, तीनच शब्द. आणि मी काय केलं? मी म्हणालो, “हो का?” आणि कॉफी घातली. तू बघत होतास. मी अजून थोडी घातली. तू मान हलवलीस. मला, क्रेग, खरंच सांगतो, तेव्हा आनंद झाला. वाटलं, बापलेक मिळून काहीतरी करतोय.

दिवस पण चांगला चालला होता, हे तुला आठवतंय ना? की मलाच तसं वाटत होतं? स्टेशनावर सगळ्या बायका युद्धकाळातल्यासारख्या केसांच्या गुंडाळ्या करून आल्या होत्या. बेरिलच्या चहाच्या टपरीवर तू तिचा तो अवजड बंब उचलून दिलास, आणि तिने तुला डबाबंद मांसाचं सँडविच जबरदस्तीने खायला लावलं. “खा, राजा. युद्धात लोक यासाठी रांगा लावायचे. आता माझ्या धाकाने खातात.” तू हसलास. नंतर ह्यू आला, लीड्सचा दाताचा डॉक्टर, आमच्या देखाव्यातला जर्मन अधिकारी. त्याने तक्रार केली की इतका भारी गणवेश घालूनही लोक त्याला तोंड उघडून दाढच दाखवतात. तू मोठ्याने हसलास. मी लांबून, दारूगोळ्याच्या खोक्यावर बसून ते ऐकलं. बेरिल मला कोपराने ढोसून म्हणाली, “मुलगा छान आहे रे तुझा. उगाच काळजी करता तुम्ही.” मला वाटलं, झालं. निवळलं सगळं. इतकं सोपं होतं तर आधीच आणायला हवं होतं.

दोन वाजता मालधक्क्यामागच्या मैदानात आमची लुटुपुटूची लढाई. लोक दोरीच्या पलीकडे घडीच्या खुर्च्या टाकून बसले होते. तू बेरिलबरोबर दोरीजवळ उभा होतास, हातात चहाचा पत्र्याचा कप. पहिला बार उडाला तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलं. तू कप खाली ठेवत होतास, अगदी हळू, सांडू नये तसा. तेव्हाच मला समजायला हवं होतं. पण माझी पाळी जवळ आली होती आणि माझं सगळं लक्ष पिशवीकडे.

मी दगडी भिंतीपाशी पोचलो, ह्यूच्या माणसाने बंदूक रोखली, शेजारी सुरुंगाचा बार झाला, माती उडाली, मी मांडी धरून पडलो. पिशवी चांगली फुटली. कॉफीमुळे रंग असा आला होता की मी स्वतःच एक क्षण दचकलो. हेल्मेट घरंगळत गेलं. मी डोळे मिटले. आणि मग माझ्या अंगावर कुणीतरी आलं.

आधी वाटलं, कुणी ठरल्यापेक्षा लवकर धावलं. मग तुझ्या शर्टाचा वास आला. आई वापरते त्या साबणाचा. तू एका गुडघ्याने माझ्या मांडीवर, अगदी जांघेजवळ, सगळा भार दिलास. कळ डोक्यात गेली. मग तू कमरेचा पट्टा काढलास, मांडीभोवती घातलास, आणि कुठून कुणास ठाऊक, तंबूची लाकडी खुंटी त्यात अडकवून पिळायला लागलास. एक पीळ, दुसरा पीळ. तुझे हात कापत नव्हते. घरी चहाचा कप उचलताना कापतात ते हात. मग तू बोट रक्तात बुडवून माझ्या कपाळावर काहीतरी लिहिलंस.

नॉर्मन नंतर मला सांगत होता की तो कर्ण्यावरून ओरडला, “बघा मंडळी, आपल्या पलटणीचा एक वाघ जखमी सार्जंटला वाचवायला धावलाय!” आणि सगळं मैदान उठून उभं राहिलं. म्हणे, बावीस वर्षांत अशा टाळ्या पडल्या नव्हत्या. एकट्या बेरिलने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती पूर्वी नर्स होती. ती दोरी ओलांडून येत होती, पण तिचं वय ऐंशी, आणि मैदान उताराचं.

आणि मी? मी पडून राहिलो. लढाई संपल्याची शिट्टी होईपर्यंत, चार मिनिटं. मला एक शब्द बोलायचा होता फक्त. ‘क्रेग.’ किंवा ‘मी आहे रे.’ नाही बोललो. पहिले काही दिवस मी स्वतःला सांगत होतो की नियम आहे, मेलेला माणूस शिट्टीआधी उठत नाही, आणि मी कधी उठलेलो नाही. मग सांगायला लागलो की मला वाटलं तू आणि ह्यूने मिळून माझी गंमत ठरवली असेल. मग म्हणालो, दुखत इतकं होतं की आवाज फुटला नाही. तिन्ही खरं आहे आणि तिन्हींनी माझं समाधान होत नाही.

शिट्टी झाली. सगळे मेलेले कपडे झटकत उठले. मी डोळे उघडले. तुझा चेहरा वीतभर अंतरावर होता आणि तू मला ओळखलं नाहीस. किती वेळ, सांगता येत नाही. मग ओळखलंस, आणि तो क्षण मला नको होता. तू हात गवताला पुसलेस, पुसतच राहिलास, आणि गाडीकडे गेलास. बेरिलने येऊन पट्टा सोडला. मी म्हणालो, “पोरगं जरा जास्तच रंगलं खेळात.” ती म्हणाली, “डेरेक, मूर्खासारखं बोलू नकोस.” मग माझ्या कपाळाकडे बघून तिने तोंडावर हात ठेवला. गाडीच्या आरशात मी पाहिलं. ‘टी’, आणि खाली दोन वाजून वीस मिनिटं. बेरिलने सांगितलं, ‘टी’ म्हणजे टूर्निके, रक्त थांबवायचा पट्टा, आणि तो कधी आवळला ते डॉक्टरला कळावं म्हणून जखमी माणसाच्या कपाळावर लिहितात. मी म्हणालो, “मला माहीत आहे.” मला माहीत नव्हतं. बावीस वर्षं सार्जंट, आणि मला माहीत नव्हतं.

घरी येताना अर्ध्या वाटेवर, त्या मेंढ्या आडव्या आल्या तिथे, तू खिडकीबाहेर बघत विचारलंस, “मी काही बोललो का?” मी म्हणालो, “नाही. म्हणजे असेल बोललास. बाराच्या आवाजाने माझे कान बसले होते, मला काहीच ऐकू आलं नाही.” तू ‘बरं’ म्हणालास. तुझे खांदे खाली आले. मला वाटलं, योग्य तेच सांगितलं. घरी आईने दार उघडलं आणि विचारलं, “कपाळाला काय फासून आलाय?” मी म्हणालो, “नाटकातलं आहे.” तू सरळ वर गेलास. चौथ्या दिवशी तुझ्या त्या मित्राचा फोन आला, स्कॉटलंडच्या जंगलात झाडं तोडायला माणूस हवाय म्हणून, आणि तू बॅग भरलीस. आई मला विचारते, “त्या दिवशी काय झालं तिथे?” मी म्हणतो, “काही नाही, ऊन होतं.” ती माझ्याकडे बघते. बत्तीस वर्षांच्या संसारात तिने असं मोजून पाच-सहा वेळाच बघितलंय.

मग गेल्या महिन्यात आमच्या मंडळाची सभा झाली. तुला हसू येईल, किंवा येणार नाही. तुझा आणि माझा फोटो गावच्या साप्ताहिकात पहिल्या पानावर आला होता, आणि मंडळाने आपल्या दोघांना ढाल द्यायचं ठरवलं, ‘वर्षातला सर्वांत जिवंत प्रसंग’ म्हणून. नॉर्मनने भाषण केलं. म्हणाला, “क्रेगला पुढच्या वर्षी पुन्हा आणा, हाच प्रवेश ठेवू.” सगळे टाळ्या वाजवत होते. मी उठलो. ठरवलं होतं सांगायचं, तो प्रवेश नव्हता. पण तोंडातून निघालं, “आभारी आहे.” ढाल घेतली आणि घरी आणली. ती गाडीच्या डिकीत आहे, घोंगडीखाली. परवा जाऊन मी गणवेश मात्र नॉर्मनच्या हाती दिला. तो गोंधळला. “आजारी आहेस का?” म्हणाला. मी म्हणालो, “नाही, पाय बदकाचे आहेत.” त्याला कळलं नाही. मला तरी कुठे कळलं होतं मी काय बोलतोय.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते लिहितो. चार दिवस या कागदाच्या आजूबाजूला फिरतोय. गाडीत मी खोटं बोललो, क्रेग. माझे कान बसले नव्हते. मला सगळं ऐकू आलं, पहिल्या शब्दापासून. “प्रिच, डोळे मिटू नकोस. प्रिच, इकडे बघ. या वेळी आलोय मी. बघ, या वेळी मला कुणी धरून ठेवलं नाही.” हेच, पुन्हा पुन्हा. प्रिच कोण हे मला माहीत नाही, तिथे तुला कुणी आणि का धरून ठेवलं तेही माहीत नाही, आणि तू सांगितलंच पाहिजेस असं नाही. पण मी ऐकलं, आणि ऐकलं नाही असं तुला सांगितलं. त्याचं तुझ्या डोक्यावर एक आणि माझ्या डोक्यावर एक, अशी दोन ओझी झाली. मी का उठलो नाही, ते मला आत्ता, हे लिहिताना, थोडंसं दिसतंय. तुझ्या हाताखाली तो पोरगा, प्रिच, जगत होता. मी डोळे उघडले असते, तर तिथे साठ वर्षांचा गालिचेवाला निघाला असता, आणि तो पुन्हा गेला असता. म्हणून मी त्याच्या जागी पडून राहिलो. ते बरोबर केलं की तुला फसवलं, मला कळत नाही. तुला कळलं तर सांग. येत्या गुरुवारी दुपारच्या बसने मी तिकडे येतोय. नको असेन तर आईला फोन करून तसं सांग, मी वाईट वाटून घेणार नाही. आलो तर आपण तुझ्या झाडांपाशी बसू. बोललास तर ऐकेन, गप्प बसलास तर गप्प बसेन. पण या वेळी डोळे उघडे ठेवून.

तुझाच,
बाबा